साल आणा, फळ न्या

सोमवार, ४ फेब्रुवारी

ताई,

पत्राच्या वर काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं, त्या दिवशी मी बहुतेक शाळेच्या भिंतीवर बसलो होतो. तेव्हा तेवढं तू मनातल्या मनात लिहून घे.

मी इथेच आहे. बाजारापासून चौथ्या गल्लीत, एका लॉजच्या वरच्या मजल्यावर. परवा आलो. आईला सांगू नकोस. आधी पत्र पुरं वाच, मग चिड.

काल सकाळी बाजारात येऊन गेलो, टोपी कानापर्यंत ओढून. पाच वर्षांत केवढा फुगलाय गं बाजार! पुढच्या दाराला काचेचं छत काय, पावाच्या दुकानापुढे रांग काय, आणि रांगेतली माणसं पाव खायच्या आधी त्याचे फोटो काढतात. मधवाल्याने बरण्यांच्या मागे दिवे लावलेत, मध उगाच सोन्यासारखा दिसावा म्हणून. मासळीच्या बाजूला मात्र बर्फ तोच, फावडं तेच आणि बुटात शिरणारं गार पाणीही तेच. एक बाई सुकी अंजिरं चाखायला देत होती. मी एकदा टोपी घालून, एकदा टोपी काढून आणि एकदा लंगडत जाऊन तीन अंजिरं खाल्ली. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "पाय आत्ताच मुरगळला वाटतं?"

अंजिराचं सांगत बसलो. सांगायचं होतं ते हे, की मी ते तिसरं अंजीर चघळत असताना मागून माझाच आवाज आला.

"साल आणाऽ, फळ न्याऽऽ! गोड नसेल तर पुन्हा न्याऽऽ!"

पहिल्या क्षणी वाटलं, घाईत पळालो तेव्हा आवाज इथेच विसरलो की काय. मग आवाजाच्या मागे गेलो. आपल्याच गाळ्यापुढे, माझ्या खोक्यावर, हिरवा स्वेटर घातलेला एक लांबुडका उभा. कान परातीसारखे. गळ्याची घाटी एवढी मोठी की अंडंच गिळलंय आणि ते खाली उतरत नाहीये असं वाटावं. आणि ताई, तू त्याच्या चहात साखर ढवळत होतीस. माझ्या चहात तू कधी साखर ढवळली होतीस गं? "हात मोडलेत का?" म्हणायचीस.

आई मागे स्टुलावर बसलेली. गळ्याला रुमाल. मांडीवर पाटी. तिने पाटीवर काहीतरी लिहिलं, त्याला दाखवलं, तो हसला, मग तीही हसली. आईला हसताना मी आजवर ऐकलं होतं, ते नुसतं पाहायची वेळ कधी आली नव्हती. काय लिहिलं होतं तिने? माझ्याकडे पाठ होती पाटीची.

लॉजवर माझ्या खोलीत एक घरं रंगवणारा राहतो. पन्नाशीचा आहे, कानाच्या पाळीला कायम कुठला ना कुठला रंग. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आरोळीच ना? हवेत उडून जाते ती. तिच्यावर कसला हक्क?"

मी म्हटलं, "काका, या बाजारात प्रत्येक गाळ्याची आरोळी वेगळी. एकाची दुसरा ओरडत नाही. ती घरातच राहते. आमची आईने रचली. संत्रं आंबट निघालं तर नुसती साल परत आणा, दुसरं संत्रं घेऊन जा, एकही प्रश्न नाही. आणि आलेली साल दिवसभर पुढच्या खिळ्याला टांगायची, सगळ्या बाजाराला दिसेल अशी."

"स्वतःच्या अब्रूचं तोरण लावता की!"

"म्हणून तर लोक येतात. मी चौदा वर्षांचा झालो, आवाज फुटला, तेव्हा आईने ती मला दिली. ताई म्हणाली होती, मी ओरडणार नाही, मी तराजू धरीन."

"आणि तू?"

"मी ओरडलो की. चार वर्षं."

"मग गेलास का?"

याचं उत्तर द्यायच्या आत त्याला झोप लागली, हे एक बरं झालं.

तो हिरव्या स्वेटरवाला कोण आहे? एवढंच कळव. लॉजच्या मालकिणीकडे चिठ्ठी दे. वरच्या मजल्यावरचा टोपीवाला म्हणालीस की पुरे.

तुझा,
उनाड

बुधवार, ६ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. तो कोण आहे ते मी काढलं शोधून. अंडीवाल्या मावशींकडे गेलो, नाकात बोललो, सहा अंडी घेतली (मला अंडी कशाला? रंगारीकाकांना दिली) आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. मावशी म्हणाल्या, "तो होय? बसकंडक्टर होता आधी. अजून गिऱ्हाइकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणतो. पण माणूस देवासारखा हो. आवाज बघा कसा, दाराबाहेर जातो." मग माझ्याकडे टक लावून म्हणाल्या, "सर्दी झालीय का तुम्हाला?"

देवासारखा! मी इथे ओरडत होतो तेव्हा मावशी म्हणायच्या, कान किटले मेल्याने.

आता जे केलं ते सांगतो. सांगायला नको, पण मला पोटात ठेवता येत नाही.

सोमवारी दुपारी मी रंगारीकाकांना आपल्या गाळ्यावर पाठवून एक संत्रं आणवलं. खाल्लं. गोड होतं, चांगलंच गोड होतं. मग साल त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "जा, आंबट निघालं म्हणून सांगा."

"पण गोड होतं म्हणालास."

"काका, तुम्ही भिंतीला रंग लावता तेव्हा आतल्या भेगा लोकांना सांगता का?"

गेले बिचारे. कंडक्टरने एक शब्द न विचारता दुसरं संत्रं दिलं. तेही गोड. त्याची साल मंगळवारी सकाळी परत. तिसरं आलं. त्याची साल दुपारी. काका म्हणाले, "एका संत्र्यावर आख्खा आठवडा काढणार की काय तू?" आज पाचवं खाल्लं.

मला काय हवं होतं ते तुला कळलंच असेल. खिळ्याला साली लोंबाव्यात. अंडीवाल्या मावशींनी, मधवाल्याने, सगळ्यांनी पाहाव्यात. म्हणावं, याच्या हाताला गोडी नाही, पूर्वीचा तो पोरगा होता तेव्हा खिळा रिकामा असायचा. आज दुपारी मुद्दाम बघायला गेलो तर काय? खिळा मोकळा! लख्ख! आधीच्या चार साली गेल्या कुठे? मी खांबामागे उभा राहिलो. काका साल देताना दिसले. कंडक्टरने ती आईकडे दिली. आईने उलटी केली, आतल्या बाजूने बघितली आणि गुपचूप ॲप्रनच्या खिशात घातली.

माझ्या वेळी एक साल आली होती, एकच, तर तिने ती खिळ्याला टांगून वर मला तिच्याखाली उभं केलं होतं. दिवसभर. आणि याच्या पाच साली खिशात! तळपायाची आग मस्तकात गेली. हा काय न्याय झाला? सख्खा मी की तो?

आईच्या गळ्याला काय झालंय? रुमाल का बांधते? मला काहीच ठाऊक नाही. तुझं एखादं पत्र आलं असेल तर ते मला मिळालं नसणार, माझा पत्ता सारखा बदलतो.

उनाड

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

ताई,

सातव्या संत्र्याबरोबर तुझी चिठ्ठी आली. पिशवीच्या तळाशी होती. काकांनी आधी वाचली आणि मग मला दिली, वर म्हणाले, "बहीण तिखट आहे हं."

तू लिहिलंस:

"आईने पहिल्याच सालीवर तुझे दात ओळखले. सालीचं आतलं पांढरं पुढच्या दातांनी खरवडायची सवय आणि मधोमध फट, असं दुसरं कोण आहे? ती सगळ्या साली घरी आणून खिडकीत वाळवते आहे. तुझं पत्र मी तिला दाखवलेलं नाही, तू शहरात आहेस हे तिनेच मला सांगितलं. त्या माणसाला काही कळलेलं नाही. तो रोज घरी येऊन विचारतो, माझं काय चुकतंय. तो दोन वर्षं राखणीला ओरडतोय, घरचा माणूस परत येईपर्यंत म्हणून. येत्या रविवारी नऊ वाजता आई ती आरोळी त्याच्या नावे करणार आहे. यायचं तर ये. साली पाठवू नकोस. आणि तो माझा कुणी नाही. अजून तरी."

'अजून तरी' वर मी पाऊण तास घालवला. पण ते राहू दे.

तुझं पत्र मला मिळालं होतं. बुधवारी लिहिलं ते खोटं. दोन वर्षांपूर्वीचं, घशाच्या ऑपरेशनचं. मी तेव्हा बंदरावर होड्यांची बुडं खरवडत होतो. मुकादमाने हातात दिलं, मी तिथेच डांबराच्या पिंपावर बसून वाचलं. डॉक्टर म्हणतात जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. लगेच ये.

मी निघालो होतो गं. खरंच. वळकटी बांधली, स्टेशनवर गेलो, तिकीट काढलं. गाडीला अर्धा तास होता. बाहेर एक ट्रक उभा होता, डोंगराकडे चाललेला, आणि ड्रायव्हर म्हणाला वर बर्फ बघितलाय का कधी. मी बर्फ मासळीखालचाच पाहिलेला. म्हटलं दोन दिवसांत येऊ. दोन दिवसांचे चार झाले. मग वाटलं आता ऑपरेशन होऊन गेलं असेल. मग वाटलं, आता कुठल्या तोंडाने जाऊ.

पण बर्फ हे निमित्त होतं. मला भीती वाटत होती. मी लहानपणी बाजारात हरवायचो तेव्हा कधी रडलो नाही, कारण आईचा आवाज कुठूनही ऐकू यायचा. त्या आवाजाच्या दिशेने चालत गेलं की झालं. तो नसलेल्या घरात शिरायचं कसं, हे मला कळत नव्हतं. तुला कळलं होतं. त्या कंडक्टरलाही कळलं, परका असून. त्याचाच जास्त राग येतो.

रविवारचं मला माहीत आहे काय असतं ते. तीनदा ओरडायचं, प्रत्येक वेळी थांबायचं. घरातल्या कुणाला आरोळी आपली म्हणायची असेल तर त्याने त्या थांबण्यात तिला साद द्यायची, तीच आरोळी परत ओरडून. मग ती त्याची.

मी येणार. आणि साद देणार. त्याला सांगून ठेव, खोक्यावरून उतरायची तयारी ठेव म्हणावं.

उनाड

रविवार, १० फेब्रुवारी

ताई,

तू तिथे होतीस, पण मी कुठे होतो आणि माझ्या तोंडात काय होतं ते तुला दिसलं नसेल, म्हणून लिहितो.

मधवाल्याच्या बरण्यांमागे उभा होतो. दाढी केली होती. रंगारीकाकांनी त्यांचा धुतलेला शर्ट दिला होता, मालकी सांगायला जायचं तर कपडे तरी मालकाचे हवेत म्हणाले. सकाळी दोन अंडी कच्ची प्यायलो, आवाजासाठी. सगळे गाळेवाले जमले. पाववाला पीठ लागलेल्या हातांनीच आला. आईने नवीन रुमाल बांधला होता, निळा.

कंडक्टर खोक्यावर चढला. पहिल्यांदा ओरडला. थांबला. मी म्हटलं, अजून दोन आहेत, घाई नको.

दुसऱ्यांदा ओरडला. मी पोट भरून श्वास घेतला. इतका, की मधवाला म्हणाला, "शिंकायचं असेल तर तिकडे शिंक."

तिसऱ्यांदा ओरडला आणि तो नुसता थांबला नाही, तो शोधायला लागला. मला ओळखत नाही ना तो. म्हणून एकेकाच्या तोंडाकडे बघत होता, साद कुठून येते म्हणून. परातीसारखे कान लालभडक झालेले. आई डोळे मिटून उभी होती. मासळीच्या बाजूला कुणीतरी बर्फात फावडं मारलं, त्याला बाकीच्यांनी शूऽ केलं.

माझं तोंड उघडं होतं, ताई. 'सा' जिभेवर आला होता.

आणि त्याच वेळी डोक्यात आलं की साद दिली तर उद्या सकाळी मला त्या खोक्यावर उभं राहावं लागेल. परवाही. उन्हाळ्यात कलिंगडं येतील तेव्हाही. आणि हे मनात येताच माझ्या तळपायांना खाज सुटली. शपथेवर सांगतो, तिथेच, सगळ्यांसमोर. पाच वर्षांपूर्वी सुटली होती तशीच.

मला ती आरोळी नको होती. ती दुसऱ्या कुणाला मिळायला नको होती, एवढंच. हे मला आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कळलं, तोंड उघडं असताना. मिटलं मग.

मावशींनी टाळी वाजवली, सगळ्यांनी वाजवली. मीही वाजवली असेन. मधवाला म्हणाला, "रडतोस कशाला? मधमाशी चावली?"

नंतरचं तू पाहिलंस. आई गर्दीतून सरळ बरण्यांमागे आली, जसं काही मी तिथे उभं राहणार हे ठरलंच होतं. मला वाटलं कानाखाली देईल. तिने पाटी पुढे केली. 'किती दिवस?'

तिचं अक्षर मी पहिल्यांदाच पाहिलं. गोल आहे, लहान मुलीसारखं.

मी म्हणणार होतो, आता कायमचा. तोंडात आलंही. पण म्हणालो, "बुधवारपर्यंत."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, बाहीने पाटी पुसली आणि लिहिलं, 'पाचला माल येतो. उतरवायला ये.'

ये म्हणालीय म्हणजे जातो. उद्या पाचला भेटूच.

उनाड

बुधवार, १३ फेब्रुवारी, बसस्टँडवरून

ताई,

तीन दिवस तुझ्या बाजूला उभं राहून पेट्या उतरवल्या, पण हे तोंडावर सांगता आलं नाही.

तो मला 'धाकटे मालक' म्हणत होता ते तू ऐकलंस ना? "धाकटे मालक, पाठ वाकवू नका, गुडघे वाकवा." चिडवत होता का मान देत होता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मान देत असेल तर ते आणखी वाईट. सालींचं मी त्याला सोमवारीच सांगून टाकलं. तो पेटीवर बसून इतका हसला की पेटीची फळी मोडली. मग म्हणाला, "सहा रात्री झोपलो नाही हो मी!" राग धरला असता तर मला सोपं गेलं असतं.

काल अकराच्या सुमाराला मी आतल्या बाजूला पेट्या रचत होतो. त्याचा आवाज चिरकला. 'पुन्हा न्या' मधला 'न्या' फाटला कापडासारखा. तो कोमट पाणी प्यायला, पुन्हा ओरडला, पुन्हा फाटला. तू म्हणालीस, रोजचंच आहे, अकरा वाजले की बसतोच. मला आधी गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू? देवासारखा माणूस ना? ओरड आता!

मग आईकडे लक्ष गेलं. तो चिरकला की तिचा हात रुमालावर जात होता. प्रत्येक वेळी. तो चिरकला, हात गळ्याशी. पुन्हा चिरकला, पुन्हा हात. गिऱ्हाईक समोर असलं तरी.

मी घरी तिला विचारलं. तिने पाटीवर लिहिलं की त्याला किती वेळा सांगितलं, पोटातून ओरड. आणि त्याला विचारलं तर तो म्हणतो, "म्हणून तर मी आता न्याहारी डबल करतो." ताई, आई कितीही गोल अक्षरात लिहू दे, श्वास पाटीवर लिहिता येत नाही. तो ऐकवावा लागतो. तिने मला ऐकवला होता. माझ्या पोटावर हात ठेवून, महिनाभर, याच गाळ्यात. तिच्यानंतर तो एकट्या माझ्याकडे आहे.

हे कळल्यावर मला इतकं बरं वाटलं, की तसंच घेऊन निघून जावं असं वाटलं. काल संध्याकाळपर्यंत तेच ठरवलं होतं. एवढं तरी माझं राहू दे.

आज सकाळी तू तराजू पुसत होतीस तेव्हा मी त्याला कोपऱ्यात घेतलं. म्हटलं, "'आणा' म्हटल्यावर थांबायचं. गिऱ्हाईक मान वळवतं ना, तेवढ्या वेळात श्वास घ्यायचा. छातीत नाही, इथे." आणि त्याच्या त्या हिरव्या स्वेटरवर हात ठेवला. त्याला गुदगुल्या होतात, दहा मिनिटं त्यातच गेली. मग मी ओरडून दाखवलं. हळू, त्याच्या कानातच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आईने मागून ऐकलं असेल का, मला माहीत नाही. मी वळून पाहिलं नाही.

तो म्हणाला, "एवढंच?"

मी म्हटलं, "हो. एवढंच."

आता अकरा वाजायला पाच मिनिटं आहेत. माझी बस साडेअकराची. स्टँडवरून बाजार दिसत नाही, आवाज तर मुळीच येत नाही, नुसते हॉर्न. मी उगाच कान लावून बसलोय. शेजारी एक माणूस पिंजऱ्यात दोन ससे घेऊन चाललाय, एक पांढरा आणि एक... जाऊ दे.

मी घाटाखालच्या मिठागरावर चाललोय, पावसापर्यंत तिथेच काम आहे. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. आज अकरानंतर त्याचा आवाज टिकला का, ते कळव.

टिकला असेल, तर लगेच कळवू नकोस. आठवडाभर थांब.

उनाड